डिझेलची पावती

सोमवारी सकाळी आलेली मेल जेमतेम तीन ओळींची होती. काम ताबडतोब थांबवा, पुढची सूचना येईपर्यंत या प्रकल्पावर एक तासही घालवू नका, घालवलात तर त्याचे पैसे मिळणार नाहीत. खाली नाव नव्हतं, नुसतं पद होतं. २०२५ च्या जानेवारीतला तो शेवटचा सोमवार. माझ्यासमोर एका हस्तपुस्तिकेचं चौथं प्रकरण उघडं होतं. छोट्या गावांतल्या बातमीदारांनी नगरपालिकेचं अंदाजपत्रक कसं वाचावं, असा तिचा विषय. मी ज्या वाक्यापाशी होते ते असं : ‘अंदाजपत्रक हातात आलं की शेवटून सुरुवात करा, कारण’. त्या ‘कारण’च्या आधी स्वल्पविराम ठेवावा की काढावा, एवढाच प्रश्न माझ्यापुढे होता. कर्सर तिथेच लुकलुकत राहिला.

मी इंग्रजी मजकूर तपासून देण्याचं काम करते. बारा-तेरा वर्षं झाली. त्यात परदेशांतल्या माध्यमांना मदत करणाऱ्या संस्थांची कामं आपसूक वाढत गेली. एखाद्या सरकारच्या तिजोरीतून पैसा निघतो, तो मोठ्या कंत्राटदार संस्थेकडे जातो, तिथून प्रादेशिक संस्थेकडे, तिथून कुठल्याशा गावातल्या पाच माणसांच्या रेडिओ केंद्राकडे नाहीतर वेबसाइटकडे. या उतरंडीतल्या अगदी तळच्या मडक्यात चार थेंब माझे असतात. तेव्हा हा लेख तटस्थ माणसाने लिहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. या पैशातून माझी विजेची बिलं भरली गेली आहेत.

अशा प्रकल्पांचे अंतिम अहवाल मी शेकड्यांनी वाचले असतील. त्यांची एक ठरलेली बोली असते. तिथे माणसं नसतात, ‘लाभार्थी’ असतात. शिकवणं नसतं, ‘क्षमताबांधणी’ असते. उद्दिष्ट, साध्य आणि दोहोंतल्या फरकाची कारणं, असे रकाने. प्रशिक्षण किती जणांना दिलं, त्यात स्त्रिया किती. वाचता वाचता डोळे मिटायला लागतात. मला आवडायची ती जोडपत्रं, कारण त्यांत पावत्या असायच्या.

एका अहवालाची जोडपत्रं अजून डोळ्यांसमोर आहेत. रेडिओ केंद्र होतं, देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. स्कॅन केलेल्या चौतीस पावत्या. त्यांतल्या एकवीस डिझेलच्या, जनरेटरसाठी, दर वेळी चाळीस लिटर. एकीवर तेलकट अंगठ्याचा ठसा इतका स्वच्छ उमटला होता की रेषा मोजाव्यात. बाकीच्यांत वकिलाच्या तीन, हिशेबनिसाची एक आणि दोन कुलपांची मिळून एक. अहवालातल्या ‘अडचणी’ या रकान्यात एकच वाक्य होतं : अज्ञात इसमांनी मनोऱ्यावर चढून केबल कापली. कुलपं त्यानंतरची असणार, तारखा जुळत होत्या. मी त्या वाक्यातली क्रियापदाची एक चूक दुरुस्त केली आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

स्वतंत्र पत्रकारिता म्हटलं की आपल्याला मोठी बातमी आठवते, मंत्र्याचा राजीनामा आठवतो, तुरुंगात गेलेला संपादक आठवतो. पैसा मात्र जातो तो डिझेलवर, हिशेबनिसावर आणि कुलपांवर. धाडसाचं बिल कुणी लावत नाही, ते ज्याचं त्याने स्वतःच्या खिशातून घातलेलं असतं. डिझेल मात्र पंपावर पैसे मोजल्याशिवाय मिळत नाही. हे पैसे मोजणार कोण? तिथल्या सरकारी जाहिराती गोडगोड लिहिणाऱ्यांच्या वाट्याला. खासगी जाहिरातदार सरकारला घाबरून. श्रोते गरीब, आणि बातमी फुकट मिळते अशी सवय त्यांनाही आपल्यासारखीच लागलेली. मग पैसा बाहेरून येतो.

किती येत होता? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली तेव्हा ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या पत्रकारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने आकडे पुढे ठेवले. अमेरिकी संसदेने स्वतंत्र माध्यमं आणि माहितीचा मुक्त प्रवाह यांसाठी २०२५ साली २६.८ कोटी डॉलर मंजूर केले होते. यूएसएआयडी या सरकारी मदतसंस्थेने २०२३ मध्ये ६,२०० पत्रकार, ७०७ बिगरसरकारी वृत्तमाध्यमं आणि या क्षेत्रातल्या २७९ नागरी संस्थांना हातभार लावला होता. युक्रेनमध्ये दहातली नऊ माध्यमं अनुदानावर उभी आणि सगळ्यांत मोठा दाता यूएसएआयडी. आकडे वाचून मला आधी त्या अंगठ्याचा ठसा आठवला. ७०७ जनरेटर एका सहीने बंद.

एका जुन्या मित्राला हे सांगत होते. आयुष्य बँकेत काढलेला माणूस, व्यवहाराला पक्का. तो म्हणाला, “तू काहीही म्हण, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. परक्या सरकारच्या पैशावर चालतं ते स्वतंत्र कसलं?”

“मग त्या रेडिओवाल्याने काय करावं?”

“बंद करावा. निदान प्रामाणिक तरी राहील.”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. फोन ठेवल्यावरही सुचलं नाही. पुढचे काही महिने कामच नव्हतं, तेव्हा या प्रश्नाच्या मागे लागून मी बरंच वाचलं. त्याचा संशय निराधार नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. उलट त्याला माहीत होतं त्याहून प्रकरण वाईट निघालं.

पूर्व युरोपातल्या कम्युनिस्ट देशांना बाहेरून बातम्या ऐकवणाऱ्या रेडिओ फ्री युरोपने ४ जुलै १९५० ला चेकोस्लोव्हाकियासाठी पहिलं प्रसारण केलं. ही संस्था खासगी अमेरिकी नागरिकांची, असं सांगितलं जायचं. ‘क्रुसेड फॉर फ्रीडम’ नावाची मोहीम गावोगाव फिरून तिच्यासाठी वर्गणी गोळा करायची. शाळकरी मुलं नाणी द्यायची. तिच्या एका जाहिरातपटात तेव्हाचा नट रोनाल्ड रेगनही होता. खरा पैसा सीआयएचा होता. मुलांच्या वर्गणीचा मुख्य उपयोग तो पैसा झाकायला. लंडनमधून निघणाऱ्या ‘एन्काउंटर’ या वैचारिक मासिकाची कथा याच जातीची. ज्या ‘काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम’कडून त्याला पैसा मिळायचा, तिचा बोलविता धनी सीआयए होता. १९६७ मध्ये हे चव्हाट्यावर आलं आणि कवी-संपादक स्टीफन स्पेंडर बाहेर पडले. तिथे छापलं गेलेलं लिखाण काही त्या दिवशी वाईट झालं नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य आता मागे वळून तपासलं जाणार होतं. हे वाक्य लेखकाचं, की कुणाचं?

थोडक्यात, तिथे पावती नव्हती. जी होती ती खोटी होती.

१९७१ मध्ये सिनेटर क्लिफर्ड केस यांनी रेडिओ फ्री युरोपमागचा सीआयएचा पैसा जाहीरपणे मांडला. सिनेटर फुलब्राइट यांचं म्हणणं पडलं की ही केंद्रं बंद करून शीतयुद्धाच्या अडगळीत टाका. तसं झालं नाही. संसदेने उघडपणे, अंदाजपत्रकात तरतूद करून, पैसे द्यायला सुरुवात केली. पुढे १९८३ मध्ये परदेशांतल्या लोकशाहीवादी गटांना अमेरिकी सरकारचा पैसा उघडपणे देणारी ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर डेमॉक्रसी’ स्थापन झाली. तिच्या उभारणीत असलेले ॲलन वाइनस्टाइन १९९१ मध्ये एका वर्तमानपत्राशी बोलताना म्हणाले की आज आम्ही जे करतो त्यातलं बरंचसं पंचवीस वर्षांपूर्वी सीआयए गुपचूप करत होती. त्यांना म्हणायचं होतं : बघा, आता आम्ही उजेडात करतो. टीकाकार गेली तीसेक वर्षं तेच वाक्य उलट्या बाजूने वापरतात : बघा, काम तेच आहे. वाक्य एकच, आणि दोघंही त्यात पुरेपूर मावतात.

ऐकणाऱ्याच्या बाजूने मात्र हे सगळं निराळं दिसतं. सोव्हिएत गटातली सरकारं ही प्रसारणं बुजवायची. त्याच लहरीवर नुसता गोंगाट सोडायचा. त्याची जुनी ध्वनिमुद्रणं ऐकायला मिळतात. मी हेडफोन लावून एक ऐकलं. आधी करवत चालावी तशी घरघर, तिच्यावर वरखाली होणारी शिट्टी, आणि त्या सगळ्याच्या तळाशी, पाण्याखालून यावा तसा, एका माणसाचा आवाज. भाषा मला कळत नव्हती. तरी मान आपोआप पुढे झुकली, डोळे बारीक झाले. कान देऊन ऐकणं हा शब्दप्रयोग तेव्हा शरीराला कळला. चार मिनिटांत माझं डोकं दुखायला लागलं. लोक हे रात्रीमागून रात्री करत होते. रेडिओ फ्री युरोप आणि सोव्हिएत संघासाठीचं त्याचं भावंड रेडिओ लिबर्टी यांच्यावरचा सोव्हिएत गोंगाट थांबला तो १९८८ च्या नोव्हेंबरात.

हा आवाज बोलणाऱ्यांनाही स्वस्त पडला नाही. बल्गेरियन लेखक गेओर्गी मार्कोव्ह बीबीसी, डॉइचे वेले आणि रेडिओ फ्री युरोपसाठी काम करायचे. ७ सप्टेंबर १९७८ ला लंडनच्या वॉटर्लू पुलापाशी त्यांच्या मांडीत काहीतरी टोचलं. मागे छत्री उचलणारा एक माणूस दिसला. चार दिवसांनी ते गेले. टाचणीच्या डोक्याएवढ्या गोळीतून रायसिन हे विष शरीरात गेलं होतं. फेब्रुवारी १९८१ मध्ये रेडिओ फ्री युरोपच्या म्युनिकमधल्या मुख्यालयात बॉम्ब फुटला आणि चेकोस्लोव्हाक विभागातली माणसं जखमी झाली. परक्या पैशावर टाळी वाजवणाऱ्यांना मारण्यासाठी कुणी एवढा खटाटोप करत नाही, असं मी मित्राला म्हणणार होते. मग थांबले. कारण १९५६ मध्ये याच केंद्राच्या हंगेरियन विभागाने बंडखोर श्रोत्यांच्या मनात पाश्चात्त्यांच्या मदतीची आशा जागवली. मदत येणार नव्हती. सोव्हिएत रणगाडे मात्र आले. त्या शब्दांची किंमत बुडापेस्टच्या रस्त्यांवर चुकवली गेली, म्युनिकमध्ये नव्हे.

त्याच वर्षातली, त्याच आठवड्यांतली दुसरी गोष्ट मला या साऱ्या वाचनात सर्वांत मोलाची वाटली. सुएझ कालव्याचं प्रकरण पेटलं होतं. ब्रिटनचे पंतप्रधान ईडन इजिप्तवर सैन्य पाठवत होते. विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांनी त्याविरुद्ध रेडिओवर भाषण केलं, आणि बीबीसीने ते परदेशी श्रोत्यांनाही ऐकवलं. परदेशी सेवेचा सगळा खर्च परराष्ट्र खातं करत होतं. म्हणजे सरकारच्या पैशाने सरकारच्या शत्रूला सांगितलं गेलं की आमच्या घरातच या युद्धावर एकमत नाही. सरकार खवळलं. दहा लाख पौंडांची कपात करण्याची धमकी दिली गेली, परराष्ट्र खात्याचा एक अधिकारी बीबीसीच्या बुश हाउसमध्ये आणून बसवला गेला. भाषण मात्र प्रसारित झालेलं होतं.

आणि तिकडे सायप्रसमध्ये ‘शर्क अल-अद्ना’ नावाचं अरबी रेडिओ केंद्र होतं. गाणी, नाटकं, लोकप्रिय. आतून ब्रिटिश गुप्तहेर खात्याचं. ऑक्टोबर १९५६ च्या शेवटी सरकारने ते उघडपणे ताब्यात घेतलं आणि नाव ठेवलं ‘व्हॉइस ऑफ ब्रिटन’. अरब कर्मचारी काम सोडून निघून गेले. श्रोते कसले उरतात?

सरकार एक, आठवडा एक, तिजोरी एक. एक केंद्र त्या दिवसानंतर कुणाच्या कामाचं राहिलं नाही, दुसऱ्याला अरब जगात पुढची कित्येक वर्षं कान मिळत राहिले. फरक पैशाच्या रंगात नव्हता. देणारा हात आणि लिहिणारा हात यांच्यामध्ये किती अंतर आहे आणि ते अंतर मोडायला आलेल्याला कुणी अडवतं का, यात होता. मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, “अडवणारा दर वेळी असतोच असं नाही.” तेही खरं.

कारण पावती लपवण्याची खोड गेलेली नाही. क्यूबातल्या तरुणांसाठी ‘झुनझुनेओ’ नावाची मोबाइल संदेशांची सेवा निघाली होती. क्रिकेटचे नव्हे, तिथल्या बेसबॉलचे निकाल, गाण्यांच्या गप्पा, चाळीस हजारांवर सभासद. २०१४ मध्ये असोशिएटेड प्रेसने उघड केलं की तिच्यामागे यूएसएआयडी होती, मध्ये बनावट कंपन्या उभ्या केल्या होत्या, आणि वेळ येताच या गर्दीला राजकीय वळण देण्याचा विचार होता. अशा एका उद्योगाने नुकसान कुणाचं होतं? वॉशिंग्टनमधल्या अधिकाऱ्याचं होत नाही. ज्याने खरोखरच डिझेलसाठी पैसे घेतलेत आणि पावती जपून ठेवलीय, त्याच्या दारात दुसऱ्या दिवशी पोलीस येतात आणि विचारतात : तूही त्यातलाच ना?

हा प्रश्न कायद्याच्या भाषेत विचारण्याचं कसब रशियाने आणलं. २०१२ मध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या आणि ‘राजकीय काम’ करणाऱ्या संस्थांना ‘परकीय हस्तक’ म्हणून नोंद करणं भाग पडलं. त्याच वर्षी यूएसएआयडीला देशाबाहेर काढलं. २०१७ मध्ये माध्यमं या कायद्याखाली आली, नंतर एकेकटी माणसंही. शिक्का बसला की प्रत्येक मजकुराच्या डोक्यावर एक सूचना लावायची. हा मजकूर परकीय हस्तकाचं काम करणाऱ्या परदेशी माध्यमाने आणि किंवा रशियन संस्थेने तयार केला आणि किंवा पसरवला आहे, अशी काहीतरी. मूळ रशियन सूचना मी शब्द मोजत वाचली : चोवीस. सगळी मोठ्या अक्षरांत, मजकुराच्या दुप्पट आकारात. संपादक म्हणून सांगते, ‘आणि किंवा’ ही वाक्यरचना कुठल्याही भाषेत आळशी माणसाची असते. इथे ती आळसातून आलेली नाही. जाळं जितकं सैल विणावं तितके मासे जास्त.

ज्यांच्यावर वैयक्तिक शिक्का बसला त्यांना मांजराच्या फोटोखालीही ही सूचना लावावी लागे. लाटव्हियातल्या रीगाहून चालणाऱ्या ‘मेदुझा’ या रशियन बातम्यांच्या वेबसाइटवर २०२१ च्या एप्रिलमध्ये शिक्का बसला आणि जाहिरातदार बघता बघता पांगले. कायद्याने पैसा घ्यायला मनाई केलेली नव्हती. फक्त पाटी लावा म्हटलं होतं. मेदुझाने वाचकांपुढे हात पसरला, वाचकांनी दिलं, काही काळ भागलं. मग युक्रेनचं युद्ध आलं, रशियातून पैसे पाठवण्याचे मार्ग बंद झाले, आणि २०२३ मध्ये मेदुझा ‘अवांछित’ ठरल्यावर तिला पैसे देणं हाच तिथे गुन्हा झाला.

आता हा कायदा देशोदेशी फिरतो. प्रत्येक सरकार वर म्हणतं की आम्ही अमेरिकेचाच कित्ता गिरवला, त्यांच्याकडे १९३८ पासून असा कायदा आहेच. आहे, पण तो नाझी प्रचारकांसाठी केलेला, आणि त्यात परक्याच्या सांगण्यावरून काम करणं हे दाखवावं लागतं. नुसता पैसा पुरत नाही. जॉर्जियाने २०२४ च्या मे महिन्यात कायदा केला : उत्पन्नाच्या वीस टक्क्यांहून जास्त पैसा बाहेरचा असेल तर तुम्ही परकीय सत्तेचं हित जपणारी संस्था. राष्ट्राध्यक्ष सालोमे झुराबिश्विली यांनी नकाराधिकार वापरला, संसदेने तो उलथवला. राजधानी त्बिलिसीच्या रुस्तावेली मार्गावर माणसांचा पूर लोटला. त्याच देशात बतुमी शहरात ‘बतुमेलेबी’ हे वर्तमानपत्र उभं करणाऱ्या म्झिया अमाग्लोबेली यांना २०२५ च्या जानेवारीत अटक झाली. आंदोलनादरम्यान त्यांनी पोलीसप्रमुखाच्या गालावर एक चापट मारली होती. सुरुवातीला कलम असं लावलं की किमान चार वर्षं. ऑगस्टमध्ये दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षीचा युरोपीय संसदेचा मानवी हक्कांसाठीचा साखारोव्ह पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा बेलारूसच्या तुरुंगात असलेले पत्रकार आंद्जेय पोचोबुत यांच्याबरोबर.

मित्राने मध्येच टोकलं, “आणि आपण? आपल्याला कोण देतं?” त्याला वाटलं मी अडखळेन. मी त्यालाच विचारलं, “तू सकाळी मराठी बातम्या कुठे वाचतोस?” त्याच्या फोनवर बीबीसी मराठी असते, मला माहीत होतं. २ ऑक्टोबर २०१७ ला ती सुरू झाली. ब्रिटिश सरकारने वर्ल्ड सर्व्हिससाठी काही वर्षांत मिळून २८.९ कोटी पौंड जाहीर केले होते, त्यातून ज्या अकरा नव्या भाषा निघाल्या त्यांत इग्बो, योरुबा, तिग्रिन्या यांच्याबरोबर मराठीही होती. पुढे भारताने डिजिटल बातम्यांतल्या परदेशी गुंतवणुकीवर २६ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा २०२४ पासून ते काम इथल्याच ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या कंपनीकडे गेलं. पण मूळ रोपटं लावलं ते लंडनच्या सरकारी पैशाने. परदेशी सरकारच्या मदतीचे लाभार्थी म्हणजे कुणीतरी दूरचे, भुकेले, अंधारात रेडिओला कान लावलेले लोक, असं माझ्याही डोक्यात होतं. लाभार्थी चहा पिता पिता अंगठ्याने स्क्रीन वर ढकलत होते. मित्र हसला. “मला टाळी वाजवायला कुणी सांगितलं नाही,” म्हणाला. मग स्वतःच म्हणाला, “अजून तरी.”

देणाऱ्याने हात काढल्यावर काय होतं, याचा नमुना सर्बियाच्या राजधानीत, बेलग्रेडमध्ये आहे. बी-९२ हे तिथलं तरुणांचं रेडिओ केंद्र, १९८९ सालचं. १९९६ च्या नोव्हेंबरात विरोधकांनी पालिका निवडणुका जिंकल्या, राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच यांच्या सरकारने निकाल रद्द केले, लोक रस्त्यावर आले आणि डिसेंबरच्या सुरुवातीला बी-९२ चा आवाज बंद पडला. सरकारी खुलासा काय, तर केबलमध्ये पाणी शिरलं. केंद्राने आवाज इंटरनेटवरून ॲमस्टरडॅमच्या एका सेवादात्याकडे पाठवला, तिथून जगाला. परदेशी रेडिओंनी तो उचलून पुन्हा सर्बियात ऐकवला. दोन दिवसांत केबलमधलं पाणी आटलं. परदेशी अनुदानांनी त्या वर्षांत हे केंद्र तगवलं यात शंका नाही. २००० मध्ये मिलोशेविच गेले. दात्यांना वाटलं, झालं काम. लोकशाही आली, आता बाजार बघेल. बाजाराने बघितलं. मालकी बदलत गेली, जुनी माणसं गेली, आणि आज ते नाव ज्या वाहिनीवर आहे तिच्यात जुन्या श्रोत्याला ओळखीचं फारसं काही सापडत नाही. हुकूमशहासमोर टिकलेलं केंद्र शांततेत विरघळलं.

दात्यांवर माझा राग असलाच तर इथे आहे. त्यांना नाट्य आवडतं. केबल कापली की पैसे येतात. केबल शाबूत आहे, फक्त हिशेबनिसाला पगार द्यायचा आहे, असं म्हटलं की ‘हे आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही’. तीन वर्षं मदत, मग ‘आता तुम्ही स्वयंपूर्ण व्हा’. मी तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक अहवालात ‘शाश्वतता’ नावाचं एक पान असतं आणि त्या पानावर प्रत्येकाने थोडंफार खोटं लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्यालाही. मी ते खोटं व्याकरणशुद्ध करून दिलं आहे.

मार्च २०२५ च्या मध्याला पाळी थेट प्रसारकांवर आली. व्हॉइस ऑफ अमेरिका १९४२ पासून बोलत होतं, ते मुकं झालं. तेराशेहून अधिक माणसं सक्तीच्या रजेवर. रेडिओ फ्री युरोप १९९५ मध्ये म्युनिकहून प्रागला आलं होतं. राष्ट्राध्यक्ष व्हात्स्लाव हावेल यांनी त्याला जुनं संसदभवन देऊ केलं होतं, भाडं नाममात्र, एक क्राउन. एकेकाळी हे रेडिओ चोरून ऐकलेल्या देशाने फेडलेली पावती ती. आता त्याचे अमेरिकी पैसे अडले, खटले सुरू झाले, युरोपीय संघाने मे महिन्यात ५५ लाख युरो तातडीने दिले. इहार लोसिक हा त्याच रेडिओचा बेलारूसमधला पत्रकार जून २०२० पासून कोठडीत होता, पंधरा वर्षांची शिक्षा झालेला. २०२५ च्या जूनमध्ये तो सुटला. पाच वर्षांनी बाहेर येऊन बघतो तर त्याचं रेडिओच जगण्यासाठी कोर्टात उभं. ज्यांना ते मिन्स्कमध्ये बंद पाडता आलं नाही त्यांना वॉशिंग्टनमधून अशी अनपेक्षित मदत होईल, हे कुठल्या ‘जोखीम’ रकान्यात कुणी लिहिलं नव्हतं. मी वाचले आहेत ते रकाने. वीज जाणं, दरोडा, चलनाची घसरण, निवडणुकीतला हिंसाचार. दाता स्वतःच जाईल, असं लिहिलेला एकही अहवाल माझ्या हातून गेला नाही.

जुलैच्या पहिल्या तारखेला यूएसएआयडीचा कारभार अधिकृतपणे संपला. दोन-तीन दिवसांनी त्या हस्तपुस्तिकेच्या लेखकाची मेल आली. तो स्वतः एका छोट्या वृत्तपत्राचा संपादक. पुस्तिका आपली आपण काढायची ठरवलीय, काळ्या-पांढऱ्यात. उरलेली प्रकरणं बघाल का, पैसे देता येणार नाहीत. मी फाइल उघडली. ‘शेवटून सुरुवात करा, कारण’ तिथेच होतं. पुढे लिहिलं होतं, ‘कर्ज आणि अनुदानं तिथे दडवलेली असतात.’ स्वल्पविराम ठेवला.

काम संपलं तेव्हा दुसऱ्या पानावरची चौकट राहिली होती. ठरावीक मजकूर : हे प्रकाशन अमेरिकी जनतेच्या मदतीमुळे शक्य झालं, यातली मतं लेखकाची असून ती अमेरिकी सरकारची असतीलच असं नाही. शेजारी यूएसएआयडीचं हस्तांदोलनाचं चिन्ह. त्याच्या देशात हे चिन्ह अंगाशी येऊ शकतं, म्हणून मी विचारलं, चौकट काढून टाकू का?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. काढू नका. पैसे त्यांनी दिले होते, ते लपवून मला लिहायचं नाही. पण सगळे दिले नाहीत. तेव्हा असं करा : ‘पान ५८ पर्यंतचा मजकूर अमेरिकी जनतेच्या मदतीने. त्यापुढचा मदतीशिवाय.’

मी कळवलं की चौकटीचा मजकूर बदलायला दात्याच्या नियमांत परवानगी नाही.

त्याने एका ओळीत विचारलं, नियम दाखवायला आता तिथे कुणी आहे का?

मी नवी चौकट टाकली. मग जुनी फाइल उघडून बघितलं, जानेवारीत थांबले होते ते पान कुठलं. अठ्ठावन्न नव्हतं, एकोणसाठ होतं. आकडा दुरुस्त करून फाइल पाठवून दिली.